64 तासांचे औषध आणि टेबलावरची फाईल

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

विषय : स्तनाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेल्या सीमाभागातील महिलांना यिट्रियम-90 उपचाराच्या मंजुरीचा निर्णय ठरावीक मुदतीत मिळण्याबाबत

महोदय,

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावला येता तेव्हा सुवर्ण विधानसौधाबाहेर निवेदन देणाऱ्यांची झुंबड असते. ऊसदराची निवेदने, शिक्षकांची, अंगणवाडी सेविकांची, आमच्या सीमाप्रश्नाची. त्या गर्दीत उभे राहून सांगण्यासारखा हा विषय नाही, म्हणून हे खुले पत्र. मराठीत लिहिते आहे. आपल्या कचेरीत वाचून सांगणारे कोणी ना कोणी असेलच.

मी निपाणीत मेडिकलचे दुकान चालवते. मागणी आधीच सांगून टाकते, कारण पत्र लांबणार आहे. ज्या बाईला यिट्रियम-90 चा, म्हणजे किरण सोडणारे सूक्ष्म गोळे थेट लिव्हरमध्ये पोचवण्याचा, उपचार लागू पडतो असे ट्युमर बोर्डाने, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीने, लेखी दिले, तिच्या फाईलवर हो की नाही हे सात दिवसांत कळावे. ‘नाही’ आले तरी चालेल, पण सात दिवसांत यावे.

स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा जास्त करून हाडे, फुप्फुसे, लिव्हर आणि मेंदू यांत जातो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे 98 हजार त्याने गेल्या. लिव्हरमध्ये गेला की पहिला मान औषधांचा : गाठ हार्मोनवर पोसणारी असेल तर हार्मोनच्या गोळ्या, हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू नावाचे प्रथिन जास्त असलेली) असेल तर ट्रास्टुझुमॅब, त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी किमो. या सगळ्यातून जाऊनही लिव्हरमधल्या गाठी वाढत राहिल्या, बाकी अंगात आजार फारसा नाही, बाई चालती-फिरती आहे, अशा वेळी मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर यिट्रियमचे नाव काढतात. आमच्याकडे रेडिएशनला ‘लाईट देणे’ म्हणतात. ही लाईट आतून द्यायची असते.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येते. निरोगी लिव्हरचे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते. कॅन्सरच्या गाठी मात्र जवळजवळ सगळे रक्त लिव्हरच्या धमनीतून ओढतात. डॉक्टर याचाच फायदा घेतात. जांघेतून नाही तर मनगटातून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेतात आणि तिच्यातून काचेचे किंवा रेझिनचे लाखो सूक्ष्म गोळे सोडतात. एकेक गोळा 20 ते 60 मायक्रॉनचा. निपाणीच्या वखारीत कवडशात तंबाखूची धूळ तरंगते, तसा. केशवाहिन्या त्याहून बारीक, म्हणून गोळे गाठीच्या आजूबाजूला अडकतात आणि तिथेच बसून किरण सोडतात. यिट्रियम-90 च्या बीटा किरणांची धाव सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर 11 मिलिमीटर. त्यामुळे बाहेरून दिला तर अख्ख्या लिव्हरला सोसणार नाही एवढा डोस गाठीला देता येतो आणि निरोगी भाग बराचसा वाचतो.

पण गोळे एकदा सोडले की परत काढता येत नाहीत. म्हणून आधी रंगीत तालीम होते. त्या दिवशी अँजिओग्राफी करून धमनीच्या सगळ्या फांद्या बघतात. जठराकडे जाणारी एखादी फांदी धोक्याची वाटली तर तिच्यात कॉइल बसवून ती बंद करतात, कारण गोळे जठरात गेले तर होणारा अल्सर लवकर भरत नाही. मग त्याच नळीतून टेक्नेशियम (सौम्य किरण सोडणारा पदार्थ) लावलेले प्रथिनाचे कण सोडतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली ते कुठे कुठे गेले ते पाहतात. लिव्हरमधून फुप्फुसात 20 टक्क्यांहून जास्त गळती दिसली तर उपचार सहसा तिथेच थांबतो. सगळे ठीक असेल तर लिव्हरचे आणि गाठींचे माप घेऊन डोस ठरतो आणि त्या बाईच्या नावाने, त्या तारखेची कुपी मागवली जाते.

आता फाईलचा मुद्दा. यिट्रियम-90 चे अर्धआयुष्य 64 तास आहे. सोमवारी सकाळी 8 वाजता कुपीत जेवढी ताकद असते तिच्यातली निम्मी बुधवारी मध्यरात्री गेलेली असते. रेझिनच्या गोळ्यांची कुपी तिच्यावरच्या तारखेपासून 24 तासांत वापरावी लागते, काचेच्या गोळ्यांना थोडी सवड असते इतकेच. माझ्या दुकानात एक्सपायरी महिन्यांत मोजतात. इथे ती तासांत मोजतात आणि डिस्ट्रिब्युटर माल परत घेत नाही. त्यामुळे मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय कोणताही दवाखाना कुपी मागवत नाही, आणि त्यांचे चुकते असेही मी म्हणणार नाही. तिकडे लिव्हरचेही घड्याळ चालू असते. बिलिरुबिन (रक्तातले काविळीचे माप) साधारण 2 च्या वर गेले की डॉक्टर हात आखडता घेतात. उरलेले निरोगी लिव्हर आधीच दमलेले असते. त्यावर किरण पडले तर उपचारानेच लिव्हर निकामी होण्याची भीती असते.

माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत नेमके हेच झाले. तिच्या डोळ्यांत पिवळसर झाक दिसली तेव्हा घरातल्यांनी आधी तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. हे आपल्या जिल्ह्यात सर्रास चालते. पानांचा रस, पथ्य, बिनमिठाचे जेवण. मी मेडिकलवाली असूनही घरात माझे चालले नाही, हेही नमूद करते. तिथून सोडवून तिला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे पित्ताच्या नळीत स्टेंट घातल्यावर कावीळ खरोखरच उतरली आणि बिलिरुबिन 1.1 वर आले. डॉक्टर म्हणाले, आता करता येईल, लवकर करा.

मग सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर फाईल गेली. तिथला आरोग्यमित्र पोरगा भला होता. आमच्यासमोर संगणकाचा पडदा फिरवून दाखवायचा. पडद्यावर एक तांबडी ओळ : क्वेरी. पहिली क्वेरी अशी की हा उपचार कुठल्या पॅकेज कोडखाली भरला आहे ते स्पष्ट करा. ते दवाखान्याने लिहून दिले. दुसरी क्वेरी नावाची. आधारवर नवऱ्याचे नाव आणि आडनाव पूर्ण, रेशन कार्डावर आडनावाचे नुसते आद्याक्षर, मिरजेहून आलेल्या बायोप्सीच्या रिपोर्टवर तिसरीच तऱ्हा. सीमाभागात घरोघरी हीच रड आहे. मराठी नाव कन्नडमध्ये नोंदले जाते, तिथून इंग्रजीत जाते, आणि एकाच बाईच्या तीन बायका होतात. नोटरीकडून अफिडेव्हिट करून दिले. तिसरी क्वेरी अशी की जिल्हा रुग्णालयाच्या रेफरल पत्रावरची तारीख जुनी झाली आहे. ती जुनी झाली होती पहिल्या दोन क्वेऱ्यांमुळे!

शेवटी मंजुरी आली. तोवर बिलिरुबिन 2.6 झाले होते आणि दवाखान्याने नकार दिला होता. तो नकार वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता, यात मला शंका नाही. जाऊ त्यानंतर फार काळ राहिली नाही.

वेळेत मिळाले असते तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. या उपचाराने हा टप्पा बरा होत नाही, गाठी रोखता येतात. आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठींवर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. 2017 मध्ये तीन चाचण्यांचा एकत्रित निकाल आला, 1,103 रुग्णांचा. पहिल्याच किमोबरोबर यिट्रियम दिल्याने एकूण आयुष्य वाढले नाही. 2021 च्या ईपॉक चाचणीत, 428 रुग्णांत, दुसऱ्या टप्प्यात दिल्यावर आजार पुढे सरकायला जास्त वेळ लागला, पण एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी एवढ्या मोठ्या चाचण्याही नाहीत. आहे तो पुरावा बहुतेक एकेका केंद्राने आपल्या रुग्णांच्या नोंदी चाळून काढलेला आहे. बऱ्याच जणींच्या लिव्हरमधल्या गाठी आकसतात किंवा थांबतात, थकवा, मळमळ, पोटात दुखणे असा त्रास काही दिवस राहतो, आणि किमोच्या मानाने अंगाला हे बरे सोसते, एवढे त्यातून म्हणता येते. आपले अधिकारी ‘पुरावा कच्चा आहे’ म्हणून सरसकट नाही म्हणाले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाहीत. मात्र मग तसे स्पष्ट सांगावे, दुसऱ्या दिवशी सांगावे. म्हणजे घरचे लोक दुसरे औषध बघतील, नाही तर शेत गहाण टाकण्याआधी थांबतील. क्वेरीत ठेवले की दोन्ही रस्ते बंद होतात.

म्हणूनच ‘बेळगावात यिट्रियम आणा’ अशी मागणी मी करत नाही. अशी मागणी करणारे पुढारी आम्हाला भेटतात आणि टाळ्याही मिळतात. हे काम एका यंत्राचे नाही. नळी घालणारा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट लागतो, न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टर लागतो, किरण कुठे गेले ते दाखवणारे स्पेक्ट-सीटी यंत्र लागते, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. आणि ज्यांना हे खरोखर लागू पडते अशा बायका एका जिल्ह्यात थोड्याच निघणार. वर्षातून मोजक्या वेळा हे करणाऱ्या हातात मी माझे माणूस देणार नाही. ते बेंगळूरला, मुंबईला, जिथे हात बसलेला आहे तिथेच व्हावे.

बेळगावात इमारती नाहीत असेही नाही. बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे, आणि केएलई या खासगी संस्थेच्या कॅन्सर हॉस्पिटलचे उद्घाटन 3 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. इथे व्हायला हवे ते त्या कुपीच्या आधीचे सगळे. लिव्हरमधल्या गाठीचा तुकडा काढून हार्मोन आणि हर-टूची तपासणी पुन्हा व्हायला हवी, कारण स्तनातल्या गाठीत जे होते तेच लिव्हरमधल्या गाठीत असते असे नाही, आणि ते बदलले असेल तर कदाचित एखाद्या साध्या गोळीनेच काम भागेल. तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन आणि ताज्या रक्ततपासण्या इथेच व्हाव्यात. हे सगळे एका संचात पुढे गेले, तर बेंगळूरच्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी ठरवता येईल. आज बाई तिथे पोचते तेव्हा अर्धे रिपोर्ट नसतात, असलेले जुने असतात, आणि पुन्हा या म्हणून सांगितले जाते. बेळगाव ते बेंगळूर 500 किलोमीटर. शक्ती योजनेची बस बायकांना फुकट आहे, त्याबद्दल आभार, आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका त्यामुळे माहेरी जाऊ लागल्या. पण ती सवलत साध्या बसची. लिव्हर सुजून पोट तटतटलेल्या बाईला साध्या बसच्या सीटवर रात्रभर बसवून नेणे ज्याने केले आहे त्यालाच ते कळेल. स्लीपरचे तिकीट पैसे मोजूनच काढावे लागते, आणि बरोबरच्या पुरुषाचे तर कोणत्याही गाडीत.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभे राहिले. देशभरातली कॅन्सर केंद्रे त्यात जोडलेली आहेत आणि अवघड केसेसवर दूरस्थ ट्युमर बोर्ड घेण्याची सोय त्यात आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा बेंगळूरच्या किदवाई या सरकारी कॅन्सर संस्थेच्या किंवा टाटाच्या डॉक्टरांसमोर या केसेस ठेवाव्यात आणि बोर्डाचे पत्र हेच रेफरल मानावे. मग जिल्हा रुग्णालयाचे वेगळे पत्र कशाला? किदवाई आणि बिम्स आपल्या खात्यात येत नाहीत, वैद्यकीय शिक्षण खात्यात येतात, हे मला माहीत आहे. रुग्णाच्या लिव्हरला ते माहीत नसते. दोन मंत्र्यांची केबिने एकाच शहरात आहेत, तेव्हा एवढे जमावे.

आता आमच्या खास दुखण्याकडे येते. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. कर्नाटक सरकारने त्याला जोरदार हरकत घेतली. सीमावाद 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो कोर्टात राहू दे. पण कॅन्सरची बाई दोन राज्यांच्या मध्ये उभी राहते तेव्हा इकडचा काउंटर विचारतो, तुम्ही तिकडे अर्ज केला आहे का? तिकडचा विचारतो, तुमचे कार्ड कर्नाटकचे आहे ना? निपाणीपासून कोल्हापूर 40 किलोमीटर आहे. आमचे स्कॅन, आमच्या बायोप्सी, आमचे डॉक्टर बरेचसे कोल्हापूर-मिरजेचेच, हे कोणत्याही पक्षाच्या भूमिकेने बदलत नाही. तिथल्या मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट इथल्या फाईलला चालेल, एवढा एक आदेश आपण काढू शकता. त्यासाठी सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल उघडायची गरज नाही.

पैशाबद्दल थोडे. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. लिव्हरच्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या बाईचे कार्ड किमोने आधीच बरेच खाल्लेले असते, आणि यिट्रियमचे गोळे सहसा परदेशातून विमानाने येतात, किंमत लाखांत. इथे मला दुकानदार म्हणून बोलायचे आहे. पाल्बोसिक्लिब ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी एके काळी माझ्याकडे कोणी मागितली तर मी किंमत सांगताना खाली बघत असे. जानेवारी 2023 मध्ये तिचे पेटंट संपले, देशी कंपन्या उतरल्या आणि भाव कोसळला. आता शेतकरी घरातली बाईही ती नियमित घेते, मी स्वतः पुडी बांधून देते. यिट्रियमच्या बाबतीतही देशी माल आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेचे यिट्रियम-90 गोळे स्वतः विकसित केले आहेत, ‘भाभास्फिअर’ नावाने. कर्नाटकाने आपल्या सरकारी कॅन्सर संस्थांसाठी त्यांची मागणी थेट अणुऊर्जा खात्याकडे नोंदवावी, पुरवठा आणि दर ठरवून घ्यावा. मुंबईहून येणारी कुपी 64 तासांच्या हिशेबातही सोयीची. हे काम मंत्र्याच्या एका पत्राने सुरू होते, बजेटची वाट बघावी लागत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हा उपचार घेऊन आलेल्या एका बाईला तिच्या सासरच्यांनी पंधरवडाभर गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवल्याचे मी पाहिले आहे. ताट बाहेर सरकवायचे, नातवाला जवळ येऊ द्यायचे नाही. ‘अंगातून किरण येतात.’ खरे पाहता यिट्रियमचे बीटा किरण शरीराबाहेर जवळजवळ येतच नाहीत. काही दिवस तान्ही मुले आणि गरोदर बाया यांना फार वेळ अगदी चिकटून घ्यायचे नाही, हात नीट धुवायचे, दवाखाना सांगेल तेवढे पाळायचे. स्वतंत्र ताटाची, स्वतंत्र खोलीची गरज नसते. पण डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेला कागद इंग्रजीत होता, आणि घरातले शिकलेले माणूस पुण्याला नोकरीला. एका पानाचे सूचनापत्रक कन्नड आणि मराठीत छापायला किती खर्च येईल? छपाई मी माझ्या दुकानातर्फे करून देते, मजकूर फक्त आपल्या डॉक्टरांनी तपासून द्यावा. आशा कार्यकर्तीलाही त्याची एक प्रत मिळावी, कारण घरात शेवटी ऐकतात ते तिचेच.

सात दिवसांची मुदत कशी पाळायची यावर माझी सूचना साधी आहे. या फाईलींना वेगळी खूण असावी. क्वेरी काढायची तर एकदाच, सगळ्या शंका एकत्र. नावातला फरक आधारच्या अंगठ्याने मिटतो का ते बघावे, अफिडेव्हिटला पाठवू नये. आठव्या दिवशी फाईल अडकलेली असेल तर ती आपोआप योजना चालवणाऱ्या ट्रस्टच्या वरिष्ठ डॉक्टरकडे जावी आणि अडवणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसावे. मंजुरीला तारीख असावी, म्हणजे तालमीचा दिवस आणि कुपीचा दिवस दोन्ही धरून दवाखान्याला नियोजन करता येईल. नकार आला तर कारण लेखी द्यावे आणि त्याच कागदावर पुढे कुठे जायचे तेही लिहावे : पॅलिएटिव्ह केअर (दुखणे आणि त्रास कमी ठेवणारी सेवा) कुठे मिळते, मॉर्फिनच्या गोळ्या कुठे मिळतात. माझ्या दुकानात त्या मिळत नाहीत. परवान्याचे नियम कडक आहेत, आणि दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाच्या नातेवाइकाला मी रात्री नऊ वाजता बेळगावला जा म्हणून सांगते.

येत्या अधिवेशनात हा विषय आमच्या भागातल्या कोणत्याही पक्षाच्या आमदाराने मांडला तर उत्तम. नाही मांडला तरी आपले लेखी उत्तर जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव यांच्यामार्फत पाठवावे. कन्नडमध्ये आले तरी चालेल, माझा मुलगा वाचून दाखवील.

कळावे,

आपली,
निपाणीतील एक औषध दुकानदार